पाठीचा कणा आणि एमआरआयचा कागद

नवजात बाळाचा कणा डोक्यापासून माकडहाडापर्यंत जवळजवळ एकाच कमानीत वाकलेला असतो. गर्भाशयातल्या मोजक्या जागेत गुडघे पोटाशी घेऊन काढलेल्या महिन्यांचा तो परिणाम असतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ मान धरू लागते, पालथे पडून डोके वर उचलू लागते, तेव्हा मानेतला पुढच्या बाजूचा बाक ठळक होतो. पुढे ते बसू लागते, धरून उभे राहते, वर्षाच्या आसपास पाऊल टाकते, आणि त्या काळात कमरेतही तसाच बाक येतो. छातीमागची मूळची कमान मात्र तशीच राहते. मोठ्या माणसाला बाजूने पाहिल्यावर कण्याला जी नागमोडी वळणे दिसतात, ती अशी हालचालीतून घडलेली असतात आणि चालताना, जिना उतरताना बसणारे हादरे विभागून घेण्याचे काम तीच करतात. त्यामुळे ‘पाठ अगदी सरळ ठेवा’ हा सल्ला शब्दशः घेऊन दिवसभर ताठून बसणारा माणूस कण्याचे काही भले करत नाही. पाठीचे स्नायू मात्र विनाकारण थकवतो.

मोजायचे झाले तर कण्यात एकूण ३३ मणके असतात : मानेत ७, छातीमागे १२, कमरेत ५, त्याखाली ५ आणि शेवटी साधारण ४. कमरेखालचे ५ मणके मोठेपणी एकमेकांशी जुळून एक त्रिकोणी हाड होते, त्याला त्रिकास्थी म्हणतात. शेवटच्या चारांचे माकडहाड होते. म्हणजे सुटे, हलणारे मणके २४ उरतात. त्यांतले काही आपल्याच हाताने चाचपून ओळखता येतात. मान पुढे झुकवून मानेच्या मुळाशी बोट फिरवले की बहुतेकांच्या बोटाला जो सर्वांत मोठा उंचवटा लागतो, तो मानेचा सातवा मणका. हात खाली सोडून उभे राहिल्यावर खांद्याच्या फऱ्याचे खालचे टोक साधारण छातीमागच्या सातव्या मणक्याच्या पातळीत येते. दोन्ही हात कमरेवर, म्हणजे कटीच्या हाडांच्या वरच्या कडांवर टेकवले आणि अंगठे मागे एका रेषेत आणले, की ते कमरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास भेटतात. बोटांना लागणारी ही टोके म्हणजे मणक्याचा केवळ मागचा भाग होय. वजन पेलणारा जाड, गोलसर भाग त्याच्या पुढे, पोटाच्या बाजूला खोलवर असतो आणि या दोहोंच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो.

मानेचे पहिले दोन मणके इतरांहून वेगळे असतात. पहिला कड्याच्या आकाराचा असून त्यावर कवटी टेकलेली असते. होकार देताना मान हलते ती मुख्यतः या जागी. दुसऱ्या मणक्याला वर निघालेला एक सुळका असतो आणि पहिला मणका त्या सुळक्याभोवती फिरतो. नकार देताना मान वळते ती येथे, आणि मानेच्या एकूण वळण्यापैकी सुमारे निम्मे या एका जोडीत होते. (जिराफाच्या मानेतही मणके सातच असतात, फक्त एकेक फार लांब.) मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी छिद्रे असतात आणि त्यांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर चढतात. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये झटका देऊन मान मोडून घेण्याची सवय अनेकांना असते. तेव्हा येणारा ‘कट्’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज असतो. मात्र अशा झटक्याने त्या धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. असे क्वचितच घडते, हे खरे. पण मिळणारे सुख इतके क्षणाचे असते, की एवढीही जोखीम घेण्यासारखी नाही, असे माझे मत आहे.

छातीमागच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्याने ते फारसे हलत नाहीत आणि झिजेच्या तक्रारीही तेथे कमी असतात. दोन मणक्यांमधल्या गादीची बहुतेक दुखणी कमरेत, त्यातही शेवटच्या दोन जोड्यांत आढळतात : कमरेचा चौथा व पाचवा मणका, आणि पाचवा मणका व त्रिकास्थी. तपासणीच्या अहवालात ‘एल-४ एल-५’ आणि ‘एल-५ एस-१’ असे लिहिलेले असते, ते याच दोन जागांविषयी. धडाचे जवळजवळ सगळे वजन येथे येते आणि कमरेतून वाकण्याची बरीचशी हालचालही येथेच होते.

दोन मणक्यांच्या मधल्या चकतीला आपण गादी म्हणतो. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये ती नसते. तेथून खाली अशा २३ गाद्या असतात आणि कण्याच्या लांबीचा सुमारे पाव हिस्सा त्यांचा असतो. कमरेतली गादी साधारण एक सेंटिमीटर जाड असते. तिच्या कडेला चिवट तंतूंचे एकाभोवती एक असे १५ ते २५ थर असतात. प्रत्येक थरातले तंतू तिरपे जातात आणि शेजारच्या थरात त्यांचा तिरपेपणा उलट दिशेचा असतो, त्यामुळे कोणत्याही बाजूने पीळ पडला तरी काही तंतू त्याला विरोध करायला तयार असतातच. मधोमध मऊ, बुळबुळीत गर असतो आणि तरुणपणी त्याच्या वजनाचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याचा असतो. वरच्या आणि खालच्या मणक्याला गादी इतकी घट्ट जोडलेली असते, की ती सहजासहजी सरकत नाही. ज्याला आपण ‘गादी सरकली’ म्हणतो, त्यात प्रत्यक्षात कडेच्या तंतूंना चिरा पडून गादी एका बाजूला फुगलेली असते, किंवा त्या चिरेतून आतला गर बाहेर आलेला असतो. ‘सरकलेली गादी हाताने बसवून देतो’ असे सांगणाऱ्याकडे जाऊन दुखणे तात्पुरते हलके वाटू शकेल. परंतु त्याने आत काही बसवले, असे समजू नये.

प्रौढ माणसाच्या गादीत, अगदी बाहेरचा थर सोडला, तर रक्तवाहिन्या नसतात. थेट रक्तपुरवठ्यावाचून जगणारा एवढा मोठा दुसरा अवयव शरीरात नाही. तिला लागणारी पोषक द्रव्ये शेजारच्या मणक्यांतून झिरपत येतात. दिवसभराच्या उठण्या-बसण्यात गादीतले पाणी थोडे थोडे दाबून बाहेर जाते आणि रात्री आडवे झाल्यावर परत आत शोषले जाते. त्यामुळे सकाळी माणूस रात्रीपेक्षा एक ते दोन सेंटिमीटर उंच असतो. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून हे घरी पडताळता येते. अंतराळात कण्यावर शरीराचा भार पडत नाही, तेव्हा अंतराळवीरांची उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची कंबर दुखते, हेही नोंदले गेले आहे. दाब पडणे आणि सुटणे ही आळीपाळी गादीला मानवते; तासन्‌तास एकाच स्थितीत दाबून राहणे मानवत नाही आणि आठवडाभर पडून राहणेही मानवत नाही. सकाळी उठल्यावर पहिला तासभर गादी पाण्याने टम्म असते. म्हणून गादीचे दुखणे असलेल्यांनी केर काढणे, फरशी पुसणे किंवा पायाचे अंगठे धरण्याचा व्यायाम ही खोल वाकण्याची कामे त्या वेळात न करता थोडी पुढे ढकलावीत.

ओझे उचलताना काय होते, ते एका बादलीवरून पाहू. १५ लिटर पाण्याची बादली शरीरापासून ४० सेंटिमीटर पुढे धरली आहे, असे समजा. तिला तोलण्यासाठी पाठीचे स्नायू मागून ओढतात. परंतु हे स्नायू गादीच्या मध्यापासून अवघ्या पाचेक सेंटिमीटर अंतरावर असतात. अंतराचे प्रमाण आठास एक, म्हणून १५ किलोंसाठी स्नायूंना १२० किलोंची ओढ लावावी लागते आणि हा सगळा भार शेवटी गादीवर येतो. पुढे झुकलेल्या धडाचे वजन त्यात अजून धरलेलेच नाही. तीच बादली २० सेंटिमीटरवर आणली की ओढ ६० किलोंवर येते. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठात एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाबमापक बसवून केलेली मोजमापे १९९९ साली प्रसिद्ध झाली. आडवे असताना गादीतला दाब ०.१ मेगापास्कल होता, उभे असताना ०.५, आणि टेकून न बसता सैल बसल्यावर ०.४६. गोल पाठीने वाकून २० किलो उचलताना तो २.३ पर्यंत गेला, गुडघे वाकवून उचलताना १.७, आणि तेवढेच वजन अंगाशी धरून उभे राहिल्यावर १.१. माणूस एकच होता, त्यामुळे आकड्यांचा कीस पाडू नये. पण गुडघे वाकवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व ओझे अंगालगत धरण्याला आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते. गॅसचे सिलिंडर किंवा गव्हाचे पोते उचलताना पाठीला पीळ देऊन वळण्याऐवजी पाय उचलून वळावे, हेही त्याच हिशेबातले आहे.

असा सल्ला देताना संकोच वाटतो, कारण तो घरात अधूनमधून सिलिंडर सरकवणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. बाजार समितीत दिवसभर गोण्या वाहणाऱ्या हमालाला किंवा डोक्यावर उसाच्या मोळ्या घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या ऊसतोड बाईला ‘गुडघे वाकवा’ असे सांगून काही होत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली, प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहण्याचे ओझे ५५ किलोंहून जास्त असेल तर ते शक्य तितक्या लवकर ५५ वर आणावे, अशी शिफारस केली होती. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. त्यांच्या कण्याचा प्रश्न व्यायामाने सुटणारा नसून गोणीच्या वजनाने सुटणारा आहे.

आता मज्जारज्जूकडे वळू. मेंदूपासून निघालेली ही दोरी प्रौढ माणसात साधारण ४५ सेंटिमीटर लांब असते आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपते. वाढीच्या वयात कणा रज्जूपेक्षा जास्त लांब होतो, म्हणून हा फरक पडतो. रज्जूपासून दोन्ही बाजूंना ३१ जोड्या नसा निघतात. रज्जू संपल्यावर खालच्या नसांचा, घोड्याच्या शेपटीसारखा दिसणारा जुडगा पोकळीतल्या द्रवात तरंगत पुढे जातो.

सिझेरियनच्या वेळी कमरेत जे इंजेक्शन देतात, ते या रचनेचा फायदा घेऊनच. कटीच्या हाडांवरून अंगठे फिरवून चौथा मणका शोधायचा आणि त्याच्या वरच्या किंवा खालच्या फटीतून सुई आत न्यायची. तेथे रज्जू नसतो आणि तरंगत्या नसा सुईपुढून बाजूला होतात. जर्मन शल्यविशारद आउगुस्ट बीअर यांनी ही पद्धत १८९८ साली प्रथम वापरली. त्यांनी आपल्या सहायकाला कण्यात कोकेनचे इंजेक्शन दिले आणि पाय खरोखर बधिर झाले की नाही, हे पाहण्यासाठी त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली. दुसऱ्या दिवसापासून दोघांचीही डोकी भयंकर दुखत होती, कारण प्रयोगाच्या नादात बीअर यांच्याही कण्याला सुई टोचली गेली होती. त्या डोकेदुखीचे प्रमाण बारीक सुयांमुळे आता बरेच कमी झाले आहे. मात्र ‘बाळंतपणात मणक्यात इंजेक्शन दिले, तेव्हापासून कंबर गेली’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते. वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या सुईमुळे होते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. गरोदरपणात सैल झालेले अस्थिबंध, ताणून दुबळे झालेले पोटाचे स्नायू, अपुरी झोप आणि बाळाला पाजताना, उचलताना तासन्‌तास वाकून राहणे ही त्यामागची अधिक पटणारी कारणे आहेत. पोटाच्या स्नायूंचा व्यायाम बाळंतिणीला वेळेवर शिकवला जात नाही आणि सगळा दोष सुईवर जातो.

वय वाढते तसे गादीतले पाणी कमी होते, ती चपटी होते, कडेने थोडी फुगते, मणक्यांच्या कडांवर हाडाचे लहान काटे वाढतात. यालाच सामान्यतः ‘मणक्यात गॅप आला’, ‘मणके झिजले’ किंवा ‘स्पाँडिलोसिस’ म्हटले जाते. हे बदल विशीतच सुरू होतात. फिनलंडमधल्या जुळ्या भावांचे एमआरआय तुलनेने पाहिले गेले, तेव्हा एकाने आयुष्यभर अंगमेहनत केली आणि दुसऱ्याने टेबलाशी बसून काम केले असले तरी दोघांच्या गाद्यांची झीज बरीचशी सारखी निघाली. म्हणजे झिजेत आनुवंशिकतेचा वाटा समजला जातो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

दुखणे आणि झीज यांचे नातेही वाटते तितके सरळ नाही. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यांपैकी ५२ टक्के लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली होती, २७ टक्क्यांची एका जागी बाहेर डोकावत होती, आणि सगळ्या गाद्या ठाकठीक असलेले फक्त ३६ टक्के निघाले. २०१५ साली ३३ अभ्यासांतल्या, काहीही न दुखणाऱ्या ३,११० लोकांची माहिती एकत्र केली गेली. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज दिसली. म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या अहवालात ‘दोन पातळ्यांवर गादीचा फुगवटा’ असे लिहून येणे हे केस पांढरे असल्याच्या नोंदीहून फार वेगळे नाही. तो फुगवटा त्याच्या दुखण्याचे कारण असेल किंवा नसेलही. ते ठरते दुखणे कोठे आहे, कोठवर जाते, कशाने वाढते आणि तपासताना काय आढळते यावरून. एमआरआयची फिल्म आधी आणि रोग्याच्या अंगाला हात नंतर, हा आजकालचा क्रम मला उलटा वाटतो. अहवाल वाचून घाबरलेला माणूस वाकणे सोडतो, चालणे कमी करतो, पट्टा बांधतो. त्याचे स्नायू दुबळे होतात आणि मग खरोखरच कंबर दुखू लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. यांतल्या बहुसंख्य, सुमारे ९० टक्के दुखण्यांत अमुक एका हाडाकडे किंवा नसेकडे बोट दाखवता येत नाही. स्नायू, अस्थिबंध, मणक्यांमागचे बारीक सांधे, गादीचा बाहेरचा थर यांपैकी काहीतरी दुखावलेले असते, आणि पोळी लाटता लाटता किंवा बुटाची नाडी बांधताना भरलेली उसण बहुधा काही आठवड्यांत उतरते. पूर्वी अशा वेळी सक्तीची विश्रांती सांगत. हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर केलेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला दोन दिवस अंथरुणावर ठेवले, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले आणि तिसऱ्याला झेपेल तेवढे रोजचे काम चालू ठेवायला सांगितले. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. दुखण्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत शेक, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी आणि घरातल्या घरात हळूहळू फिरणे एवढे बहुतेकांना पुरते.

पायात उतरणारी कळ वेगळी. गादीतून बाहेर आलेला गर शेजारच्या नसेवर दाब देतो, शिवाय तिला सूजही आणतो, आणि कळ नितंबातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत जाते. खोकताना, शिंकताना ती झणझणते. हीच सायटिका. कमरेची पाचवी नस दबली तर पावलाची वरची बाजू आणि अंगठा बधिर होतो, अंगठा वर उचलण्याचा जोर कमी पडतो. त्याखालची नस दबली तर पावलाची बाहेरची कड व करंगळी बधिर होते आणि चवड्यावर उभे राहणे जड जाते. उताणे झोपवून गुडघा सरळ ठेवून डॉक्टर पाय हळूहळू वर उचलतात, तेव्हा गुडघ्याखाली कळ गेली तर नस ओढली जात असल्याचा तो पुरावा असतो. दोन मिनिटांच्या या तपासणीतून जे कळते, ते महागडा फोटो नेहमी सांगतोच असे नाही. यातली दिलासा देणारी गोष्ट अशी, की बाहेर आलेला गर शरीराच्या पेशी हळूहळू खाऊन टाकतात आणि तो जितका मोठा व सुटा, तितका पुष्कळदा लवकर विरघळतो. नेदरलँड्समधल्या २००७ सालच्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्या रोग्यांची पायातली कळ लवकर थांबली, मात्र वर्ष संपताना शस्त्रक्रिया लांबवलेल्यांची प्रकृतीही जवळपास तेवढीच सुधारलेली होती. म्हणून कळ असह्य असेल, आठवडे उलटूनही हटत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. घाई करण्याचे कारण सहसा नसते.

घाई करायची ती पुढील परिस्थितीत. जांघांच्या मधली, खोगिरावर बसताना टेकते ती जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर नसांचा संपूर्ण जुडगा दबलेला असू शकतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. उशीर झाल्यास लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. मानेत रज्जू दबला तर दुखणे पुष्कळदा नसतेच. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळतात, चालताना तोल जातो, पायातली चप्पल निसटते आणि ते कळतही नाही. म्हातारपणाचे म्हणून याकडे दुर्लक्ष करणे महागात पडते.

आपल्याकडे कंबर-पाठदुखीच्या यादीत क्षयरोगाला जागा ठेवावीच लागते. हाडांच्या क्षयापैकी सुमारे निम्मा कण्यात होतो. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली त्याचे जे वर्णन केले, त्यावरून आजही त्याला पॉटचा आजार म्हणतात. आठवडेन्‌आठवडे रेंगाळणारे, रात्री झोपमोड करणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, भूक मरणे, वजन उतरणे अशी त्याची चाल असते. खोकला असेलच असे नाही, आणि म्हणूनच निदान लांबते. वेळीच ओळखला तर बहुतेकांना गोळ्यांनीच बरे वाटते आणि सरकारी क्षयरोग कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. न ओळखल्यास मणके ढासळून कुबड येते, क्वचित पाय लुळे पडतात.

तिशीच्या आतल्या तरुणाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेली राहत असेल, पहाटे दुखण्याने जाग येत असेल आणि फिरल्यावर मोकळे वाटत असेल, तर तो मणके जखडणारा संधिवात असू शकतो; त्यासाठी संधिवाततज्ज्ञाला दाखवावे. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात आणि किरकोळ धक्क्याने, कधी नुसत्या वाकण्याने मणका पुढच्या बाजूने चेपतो. असे कित्येक अस्थिभंग लक्षातही येत नाहीत. आजीची उंची कमी झाली, पाठीला बाक आला, एवढेच घरच्यांना दिसते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून औषधे वेळेवर घेतली तर पुढचे मणके वाचवता येतात. साठीनंतर चालताना दोन्ही पाय भरून येणे, थांबून पुढे वाकले किंवा बसले की लगेच मोकळे वाटणे, ही कण्याची पोकळी अरुंद झाल्याची खूण असते. असा माणूस शंभर पावले चालू शकत नाही आणि सायकल मात्र मजेत चालवतो, कारण पुढे वाकल्यावर पोकळी थोडी रुंदावते.

राहता राहिले रोजचे उपाय. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. व्यायाम, दुखण्याविषयी नीट समजावून सांगणे, मनाच्या पातळीवरची मदत या गोष्टी त्यात सुचवल्या आहेत. कमरेचा पट्टा नेहमी वापरू नये आणि वजन लावून कंबर ओढू नये, असे मात्र स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे ‘वजन लावणे’ अजूनही सर्रास चालते आणि रोगीही ते मागून घेतात, म्हणून हे सांगणे आवश्यक वाटते. व्यायामांपैकी अमुक एकच श्रेष्ठ, असे सिद्ध झालेले नाही. योगासने, पोहणे, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पोटा-पाठीचे व्यायाम यांपैकी जे नेमाने होईल ते करावे. सर्वांत स्वस्त व्यायाम चालण्याचा. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर केलेली चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली : कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या लोकांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्यापर्यंत नेले, तेव्हा त्यांतल्या निम्म्यांचे दुखणे परत येण्यास २०८ दिवस लागले, न चालणाऱ्या गटात ते ११२ दिवसांतच परतले. बसून काम करणाऱ्यांनी महागड्या खुर्चीचा शोध घेण्याआधी दर अर्ध्या-पाऊण तासाने उठण्याची सवय लावावी. सिगारेट-बिडी सोडावी, कारण धूम्रपानाने शेजारच्या मणक्यांचा रक्तपुरवठा घटतो आणि गादीला झिरपून मिळणारे तुटपुंजे पोषणही आटते.

कंबर दुखू लागली की पलंगावरची गादी काढून फळीवर झोपण्याचा सल्ला वडीलधारी मंडळी हमखास देतात. स्पेनमध्ये ३१३ जणांवर केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला. मधोमध खड्डा पडलेली कापसाची गादी असेल तर ती पिंजून भरून घ्यावी. फळीची गरज नाही.